क्रॉसटॅब पीडीएफमध्ये गेला की का मोडतो

मागच्या महिन्यात रात्री उशिरा एका विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, तक्त्यात 'नोकऱ्या' दोनदा येतंय. अक्षरं अगदी सारखी आहेत. एका ओळीत ४१, दुसऱ्या ओळीत १९. मी हातानं बेरीज करून एक ओळ पुसून टाकू का?" दुसऱ्या दिवशी प्रबंध बांधायला द्यायचा होता. मी म्हटलं, पुसू नकोस, आधी कोड पाठव. तिच्या तक्त्याचं काय झालं ते पुढे सांगतो, कारण ही अडचण मराठीतच येते आणि इंग्रजीत लिहिलेल्या मदतीत तिचं उत्तर सापडत नाही. पण 'हातानं पुसू का' हा प्रश्न मला दर परीक्षेच्या हंगामात ऐकावा लागतो, आणि या लेखाचं कारण तेच आहे.

कोडमधून तयार होणारा क्रॉसटॅब, म्हणजे दोन चलांची एकत्र मोजणी दाखवणारा तक्ता, तीन हातांतून जातो. पहिला हात मोजतो: आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत टेबल किंवा एक्सटॅब्स, पायथॉनमध्ये पांडासचा क्रॉसटॅब. दुसरा हात आकड्यांचा मजकूर करतो, म्हणजे किती दशांश, टक्क्याचं चिन्ह, कंस, स्वल्पविराम. तिसरा हात लाटेकचा, म्हणजे पान जुळवून पीडीएफ करणाऱ्या प्रणालीचा. छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी असायचा, तसा लाटेक हा आपला जुळारी आहे. हातात दिलं ते ओळीला ओळ लावून बसवायचं, अर्थ विचारायचा नाही. तक्ता बिघडला की बहुतेक जण पीडीएफकडे बघून तर्क करत बसतात. पीडीएफ तिसऱ्या हातानंतरची वस्तू आहे. तिच्याकडे बघून चूक कोणाची ते कळत नाही. मधली टेक फाइल उघडा. आर मार्कडाउनमध्ये कीप_टेक्स चालू केलं की ती फाइल शिल्लक राहते. तिथे आकडा चुकलेला असेल तर पहिल्या दोन हातांना धरा, तिथे बरोबर असेल तर तिसऱ्याला. ही दोन मिनिटांची तपासणी केली तर अर्धी रात्र वाचते.

उदाहरणासाठी आरमध्ये आयताच मिळणारा टायटॅनिकचा संच घेतो. १९१२ साली बुडालेल्या त्या जहाजावरच्या २,२०१ माणसांची श्रेणी, लिंग, वय आणि वाचले की नाही, एवढी माहिती त्यात आहे. श्रेणी आणि परिणाम इतकंच ठेवलं तर असा तक्ता होतो:

श्रेणी | वाचले | बुडाले | एकूण
पहिली | २०३ | १२२ | ३२५
दुसरी | ११८ | १६७ | २८५
तिसरी | १७८ | ५२८ | ७०६
खलाशी | २१२ | ६७३ | ८८५
एकूण | ७११ | १,४९० | २,२०१

खाली येणारे सगळे आकडे यावरूनच काढले आहेत, म्हणजे तुम्हाला आपल्या संगणकावर पडताळता येतील. फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. ज्यांनी एकदा आर उघडलं आहे त्यांना ती उच्चारावरून ओळखू येतील.

लक्षण: सगळ्या टक्केवाऱ्या निम्म्या

पहिल्या श्रेणीतले ३२५ पैकी २०३ वाचले, म्हणजे ६२.५ टक्के. तक्त्यात मात्र ३१.२ छापलं आहे, शेजारी १८.८, आणि 'एकूण'च्या रकान्यात ५०.०. हे दिसलं की कोड न बघताही सांगता येतं: आधी ॲडमार्जिन्स (बेरजा जोडणारं फंक्शन) चालवलं आणि मग प्रॉप.टेबल (प्रमाण काढणारं). बेरजेचा रकाना जोडल्यावर तोही प्रॉप.टेबलच्या दृष्टीनं साधाच रकाना असतो. मग ओळीची बेरीज ३२५ ऐवजी ६५० होते आणि सगळं निम्मं होतं. पन्नासचा रकाना दिसतो म्हणून ही चूक पकडता तरी येते. तो रकाना 'जागा पुरत नाही' म्हणून काढून टाकला असेल तर परीक्षकाच्या हाती पडेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

क्रम उलटा केला तर वेगळाच घोळ. आधी ओळींची टक्केवारी काढली आणि मग ॲडमार्जिन्स लावलं, तर उजवीकडचा १०० बरोबर येतो, पण तळाच्या ओळीत वाचलेल्यांखाली १५३.० आणि बुडालेल्यांखाली २४७.० येतात. चार श्रेणींच्या टक्केवाऱ्यांची बेरीज आहे ती, तिला काही अर्थ नाही. तिथे हवं होतं ३२.३, म्हणजे २,२०१ पैकी ७११.

म्हणून मी टक्केवारीला ॲडमार्जिन्स लावतच नाही. बेरजा फक्त मोजणीच्या तक्त्याला लावायच्या आणि मग त्या अख्ख्या तक्त्याला त्याच्याच 'सम' नावाच्या रकान्यानं भागायचं. तळाची ओळही त्यातच भागली जाते आणि ३२.३ आपोआप मिळतं. इथे एक खड्डा आहे. आरमध्ये तक्त्याला यादीनं भागलं की यादी रकान्यातून वरून खाली सरकते. ओळींच्या टक्केवारीसाठी तेच हवं असतं. रकान्यांच्या टक्केवारीसाठी तसंच 'सम'च्या ओळीनं भागायला गेलात, तर आकडे भलत्याच भाजकाशी जुळतात. वरचा तक्ता बेरजांसह पाच ओळी आणि तीन रकान्यांचा आहे. पंधराला तीननं पूर्ण भाग जातो, म्हणून आर साधी सूचनासुद्धा देत नाही. तिथे स्वीप वापरा आणि दिशा २, म्हणजे रकाने, अशी सांगा.

आणखी एक. प्रॉप.टेबलला दिशा सांगितलीच नाही तर ते सगळ्या तक्त्याच्या बेरजेनं भागतं. १ म्हणजे ओळी, २ म्हणजे रकाने. २०३ या एकाच आकड्यातून 'पहिल्या श्रेणीतले ६२.५ टक्के वाचले' आणि 'वाचलेल्यांपैकी २८.६ टक्के पहिल्या श्रेणीतले होते' अशी दोन वाक्यं निघतात, आणि दोन्ही खरी आहेत. तक्त्याच्या शीर्षकात टक्केवारी कशाची ते लिहिलं नसेल तर वाचणारा आपल्या सोयीची धरतो.

लक्षण: बेरीज १०१ येते, शेजारी ९९

टायटॅनिकचा संच मला याच कारणासाठी आवडतो. रकान्यांची टक्केवारी पूर्णांकात छापून बघा. वाचलेल्यांचा रकाना: २९, १७, २५, ३०. बेरीज १०१. बुडालेल्यांचा: ८, ११, ३५, ४५. बेरीज ९९. एकाच तक्त्यात दोन्हीकडून मार.

यात चूक कोणाचीच नाही. २८.५५, १६.६०, २५.०४ आणि २९.८२ हे खरे आकडे आहेत. त्यातले तीन वर सरकले आणि एक खाली आला. पण मार्गदर्शक लाल पेन काढतात आणि विद्यार्थी रात्री बसून २९ चे २८ करतो. तसं करू नका. शेष सर्वात मोठा असेल त्याला एक वाढवून द्यायची रीतसर पद्धत आहे, जागावाटपात ती वापरतातही. इथे ती लावली तर बेरीज १०० होते खरी, पण पहिल्या श्रेणीपुढे २८ येतात आणि बुडालेल्यांत तिसऱ्या श्रेणीपुढे ३६. ज्यानं गणकयंत्रावर २०३ भागिले ७११ करून बघितलं त्याला २८.५५ दिसणार. मग त्याचा तुमच्या बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

माझी पसंती एका दशांशाला. इथे २८.६, १६.६, २५.०, २९.८ यांची बेरीज बरोबर १००.० होते, आणि ८.२, ११.२, ३५.४, ४५.२ यांचीही. नेहमीच अशी जुळेल असं नाही. जिथे जुळत नाही तिथे तळाला मूळ, पूर्ण न केलेल्या आकड्यांची बेरीज काढूनच १०० छापा आणि तक्त्याखाली एक ओळ द्या: दशांश पूर्ण करताना बेरजेत किंचित फरक पडू शकतो. छापील अहवालांत ही ओळ सर्रास असते, तिच्यात लाजण्यासारखं काही नाही.

याच रकान्यात दुसऱ्या हाताची एक चूक लपलेली असते. २५.०३५ ला राउंडनं एका दशांशावर आणून पेस्टनं मजकुरात चिकटवलं की '२५' येतं, '२५.०' येत नाही. वरचा २८.६, मधला २५, खालचा २९.८. रकाना दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो. राउंड हे आकड्यांचं काम आहे, छपाईचं नाही. छापायला एसप्रिंटएफ वापरा, दशांशाची जागा तेच राखतं.

पण एसप्रिंटएफची एक खोड आहे: तक्ता दिला तरी ते सपाट यादी परत देतं. ओळी गेल्या, रकाने गेले, नावं गेली. पुढच्या पायरीला पंधरा आकड्यांचा एकच रकाना छापून येतो आणि माणूस गोंधळतो. उपाय सोपा आहे, माहीत असेल तर. मोजणीच्या तक्त्याची प्रत करा आणि तिच्या नावापुढे रिकामे चौकोनी कंस देऊन त्यात एसप्रिंटएफचं उत्तर भरा. रिकाम्या कंसामुळे चौकट तशीच राहते, फक्त आतला माल बदलतो. '२०३ (६२.५)' अशा जोड खणांसाठी मी कायम हेच करतो. एकदा मजकूर झाला की केबलसारखी, तक्त्याचा लाटेक कोड करून देणारी फंक्शनं रकाना डावीकडे टेकवतात, कारण त्यांच्या लेखी तो आता आकडा राहिलेला नसतो. तेव्हा अलाइन स्वतः सांगा: पहिला रकाना डावा, बाकीचे उजवे.

लक्षण: रकाना गायब, आणि 'मिसप्लेस्ड नोअलाइन'

आता तिसरा हात. लाटेकमध्ये % या चिन्हाचा अर्थ 'इथून ओळ संपेपर्यंत वाचू नका' असा आहे. पहिल्या श्रेणीची ओळ '६२.५% & ३७.५% \\' अशी गेली तर जुळाऱ्याला फक्त ६२.५ दिसतं. पुढचा & गेला, ३७.५ गेलं, आणि सर्वात वाईट म्हणजे ओळ संपल्याची खूण \\ तीही गेली. मग दुसरी श्रेणी पहिलीच्याच ओळीत येऊन चिकटते, तिसरी तिच्यामागे. थोड्या वेळानं 'एक्स्ट्रा अलाइनमेंट टॅब' अशी तक्रार येते, आणि तळाची रेघ ओळीच्या मधोमध आली म्हणून 'मिसप्लेस्ड नोअलाइन'. लोक रेघेच्या आज्ञा तपासत बसतात. रेघेचा काही दोष नसतो. हा संदेश दिसला की त्याच्या वरच्या ओळींमध्ये मोकळा % शोधा.

तुम्ही म्हणाल, एक्सटेबल (हेही केबलसारखंच) आणि केबल दोन्ही % समोर बॅकस्लॅश आपणहून लावतात, मग हे होतंच कसं? होतं, कारण कुठेतरी शीर्षक ठळक करायचं असतं किंवा काय-वर्ग या चाचणीचं चिन्ह घालायचं असतं, म्हणून कोणीतरी केबलमध्ये एस्केप, म्हणजे ही बॅकस्लॅश लावायची सोय, बंद केलेलं असतं, किंवा एक्सटेबलमध्ये सॅनिटाइझच्या जागी आयडेंटिटी दिलेलं असतं. त्या क्षणापासून सगळ्या चिन्हांची जबाबदारी तुमच्यावर. उलटा प्रकारही तितकाच पाहतो: विद्यार्थ्यानं हातानं \% लिहिलं आणि एस्केप चालूच राहिलं, तर पीडीएफमध्ये तो बॅकस्लॅशच दिसायला लागतो.

माझा नियम असा की तटबंदी एकाच दारावर. एस्केप चालू असेल तर मजकुरात साधा % लिहा. बंद असेल तर सगळं आपण लिहायचं, आणि त्यात तीन चाळण्या लागतात. लाटेकला हवा \%. आरच्या अवतरणात एका बॅकस्लॅशसाठी दोन लिहावे लागतात. आणि एसप्रिंटएफला एका % साठी दोन % द्यावे लागतात. म्हणून अवतरणात शेवटी \\%% असं दिसतं. विचित्र दिसतं, पण प्रत्येक चिन्हाला कारण आहे. याहून सरळ मार्ग म्हणजे खणांत % छापूच नका. रकान्याच्या डोक्यावर 'टक्के' लिहा आणि खाली नुसते आकडे द्या. तक्ता स्वच्छही दिसतो.

बाकीची चिन्हं भराभर: चलाच्या नावात _ राहिला की 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड'. 'पदवी & त्यापुढे' असं लेबल असेल तर & मुळे एक रकाना जास्त होतो. नावं बदलायला वेळ नसेल तरी ही दोन बदलाच.

एक चिन्ह मात्र एस्केपच्या नेहमीच्या यादीत नसतं, आणि त्यानं एकदा माझी स्वतःची अख्खी दुपार खाल्ली आहे. वयाचे गट कट या फंक्शननं पाडले आणि डावी बाजू बंद ठेवली की लेबलं [१८,२५) अशी येतात. लाटेकमध्ये \\ नंतर चौकोनी कंस आला तर त्याचा अर्थ 'पुढची ओळ इतक्या अंतरावर ठेव' असा होतो. मध्ये नवी ओळ असली तरी. म्हणजे वयोगटाला जुळारी अंतर समजतो. कंसात अठरा आणि पंचवीस, पण एकक नाही, म्हणून 'इल्लिगल युनिट ऑफ मेजर' किंवा 'मिसिंग नंबर' अशी तक्रार. कंस बंद होत नसेल तर तो पुढे कुठे बंद होतोय ते शोधत खूप लांबवर जातो, आणि चूक तिसऱ्याच ओळीवर दाखवतो. लेबलापुढे रिकामी महिरपी जोडी {} टाकली की भागतं. पण खरं सांगायचं तर वाचकासमोर [१८,२५) ठेवूच नये. कटला लेबल्स द्या: १८–२४, २५–३४. समाजशास्त्राच्या परीक्षकाला अर्धखुला अंतराल कशाला शिकवायचा?

लक्षण: एकच नाव दोन ओळींत

आता त्या 'नोकऱ्या'कडे.

डोळ्याला दोन्ही सारखे होते. मी तिला यूटीएफ८टूइंट चालवायला सांगितलं, म्हणजे प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक दिसतो. एका 'नोकऱ्या'त सात क्रमांक निघाले, दुसऱ्यात आठ. पहिल्यात २३५३ होता, तो 'ऱ', मग हलन्ताचा २३८१, मग 'य'. दुसऱ्यात २३५२, म्हणजे साधा 'र', मग २३८१, मग ८२०५, आणि मग 'य'. हा ८२०५ म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. तो दिसत नाही, जागा घेत नाही, फक्त फॉन्टला सांगतो की रफार करू नकोस, अर्धा र काढ. डोळ्यातल्या पापणीसारखा मराठीतला हा ऱ दोन मार्गांनी टंकता येतो आणि कळफलकागणिक मार्ग बदलतो. तिचे अर्ज दोघांनी भरले होते, एकानं फोनवर, एकानं संगणकावर. आरला ती दोन वेगळी नावं वाटली, आणि आरच्या दृष्टीनं ती होतीच.

सामान्यीकरण करा, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एका रूपात आणणारं, स्ट्रिंगआय पॅकेजमधलं एनएफसी चालवा, हा सल्ला नेहमी मिळतो. चालवाच, कारण र आणि खाली नुक्ता असा तिसरा प्रकार त्यानं ऱ मध्ये मिळतो. पण वरची जोडी एनएफसीनं जुळत नाही. युनिकोडच्या हिशेबात त्या वेगळ्या शब्दरचना आहेत. ती हातानंच बदलावी लागते: जिथे र, हलन्त आणि जोडक असे तीन ओळीनं सापडतील तिथे ऱ आणि हलन्त ठेवायचे. एका जीसबचं, म्हणजे मजकुरात शोधून बदलणाऱ्या फंक्शनचं काम आहे. 'अदृश्य अक्षरं सगळीच उडवून टाकू' हा मोह मात्र आवरा. जोडक काढला की उरलेला र रफार होऊन डोक्यावर बसतो, आणि 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातल्या दऱ्या समुद्राला मिळतात ते असे.

ही दुरुस्ती टेबल चालवण्याच्या आधी, कच्च्या माहितीवर करायची. तक्ता झाल्यावर दोन ओळी एकत्र करणं म्हणजे पुन्हा हातानं पुसणंच. तिनं जीसबची ओळ टाकली, नोकऱ्या एकाच ओळीत ६० झाल्या, आणि त्याबरोबर काय-वर्गाची किंमतही बदलली. हातानं ओळ पुसली असती तर तक्ता एक सांगत राहिला असता आणि खालची चाचणी दुसरंच.

नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा हा याचा साधा भाऊ. 'पुणे' आणि 'पुणे' मागे एक जागा. ट्रिमडब्ल्यूएस ती काढतं, पण वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरातली न-तुटणारी जागा ते आपणहून काढत नाही. व्हाइटस्पेस या सदरात आडव्या-उभ्या सगळ्या जागांचा नमुना सांगावा लागतो.

देवनागरीच्या बाकी तक्रारी तिसऱ्या हाताच्या. पीडीएफलाटेकला देवनागरी दिलं की 'युनिकोड कॅरेक्टर नॉट सेट अप' अशी चूक येते. इंजिन झीलाटेक किंवा लुआलाटेक करा. चूक येत नाही पण जागा कोऱ्या राहतात, तर निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. हे लाटेक ओरडून सांगत नाही, लॉग फाइलमध्ये 'मिसिंग कॅरेक्टर' म्हणून पुटपुटतं. शब्द दिसतात पण वेलांटी भलतीकडे आणि जोडाक्षरं सुटलेली, तर फॉन्ट निवडणाऱ्या फॉन्टस्पेक पॅकेजला स्क्रिप्ट देवनागरी असल्याचं सांगायचं राहिलंय. नोटो सेरिफ देवनागरी, आयआयटी मुंबईचा शोभिका, मुक्ता, यापैकी कोणताही घ्या, सगळे मोफत आहेत. आणि तक्त्यात <यू+०९३६> अशी चिन्हं छापली जात असतील तर विंडोजवर आरची ४.२.० च्या आधीची आवृत्ती आहे. २०२२ च्या त्या आवृत्तीपासून आर विंडोजवरही यूटीएफ-८ वापरतं. जुन्या आवृत्तीत यावर उपाय शोधत बसू नका, नवी घाला.

मराठी अंक हवे असतील तर सगळा हिशेब, दशांश, कंस, स्वल्पविराम इंग्रजी अंकांत पूर्ण होऊ द्या आणि अगदी शेवटी चार्टीआरनं दहा अंक बदला. आधी बदललेत तर आर त्यांना आकडा मानणार नाही. लाटेकच्या एसआययुनिटएक्स पॅकेजचा दशांशावर जुळवणारा एस रकानाही देवनागरी अंक स्वीकारत नाही. त्यामुळे अशा तक्त्यात उजवीकडे टेकवलेला साधा रकाना आणि सगळीकडे सारखे दशांश, इतकंच पुरे.

लाख-कोटीच्या स्वल्पविरामाला मात्र मूळ आरमध्ये तयार सोय नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती, स्वल्पविराम टाकणाऱ्या बिग.मार्क या पर्यायाला दिली की ती ११२,३७४,३३३ अशी छापली जाते, कारण ते सगळीकडे तीन-तीनचेच गट पाडतं. शेवटचे तीन अंक वेगळे काढून उरलेल्यांत दोन-दोनच्या अंतरानं स्वल्पविराम टाकणारं चार ओळींचं फंक्शन एकदा लिहून ठेवा. मी तेच गेली कित्येक वर्षं प्रत्येक प्रकल्पात चिकटवतोय.

वारंवार विचारलं जाणारं, थोडक्यात

एक्सटेबलनं माणसांची संख्या २०३.०० अशी छापली: आतला प्रकार पूर्णांक नाही. टायटॅनिकचा संचही दशांश प्रकारातच ठेवलेला आहे. डिजिट्सला शून्य द्या.

तक्त्याच्या जागी आठ ओळींची यादी आली आणि शेवटच्या रकान्यावर फ्रीक्वेन्सीचं 'फ्रेक' असं लिहिलंय: एझ.डेटा.फ्रेम वापरलंत. टेबलला ते लांब करतं. त्याच्याच नावापुढे मॅट्रिक्स लावलेलं फंक्शन वापरा, चौकट जशीच्या तशी राहते.

दोनपेक्षा जास्त चलांचा टेबल एक्सटेबल घेत नाही, तसं स्पष्ट सांगतं. एफटेबलनं आधी सपाट करा, किंवा मार्जिन.टेबलनं नको ते चल मिटवा. चार चलांचा तक्ता कोणी वाचत नाही, हेही आहेच.

उत्तर न देणारी माणसं तक्त्यातून गायब आणि एकूण संख्या प्रकरणाच्या सुरुवातीला लिहिलेल्या नमुन्याशी जुळत नाही: टेबल रिकाम्या नोंदी मुकाट्यानं वगळतं. यूजएनए चालू करा आणि त्या ओळीला 'उत्तर नाही' असं नाव द्या, नाहीतर तिथे 'एनए' छापून येईल.

'उच्च, कमी, मध्यम' असा क्रम लागला: वर्णानुक्रम आहे तो. फॅक्टरमध्ये लेव्हल्स हव्या त्या क्रमानं लिहा.

केबलमध्ये बुकटॅब्स चालू केल्यावर दर पाच ओळींनंतर थोडी जागा सुटते. बिघाड नाही, मुद्दाम तशी ठेवलेली आहे. लाइनसेप रिकामं केलं की जाते.

दोन रकान्यांवर एक सामाईक शीर्षक देताना केबलएक्स्ट्रा रकान्यांची संख्या जुळत नाही म्हणतं: ओळींच्या नावांचा पहिला रकाना मोजायचा राहिला. त्याच्यासाठी सुरुवातीला एक रिकामं शीर्षक द्या.

पीडीएफमध्ये तक्त्याऐवजी लाटेकचा कोडच छापला गेला, पुढे दोन-दोन हॅश: कोडच्या तुकड्याच्या पर्यायांत रिझल्ट्स 'अ‍ॅझ-इज' करा. फॉर लूपमध्ये केबल लिहिलंय आणि काहीच उमटत नाही, तर त्याला प्रिंटमध्ये गुंडाळा.

तक्ता दोन पानं पुढे पळाला: कॅप्शन दिलं की तो तरंगता होतो. होल्ड_पोझिशन लावा. तरीही पळत असेल तर फ्लोट पॅकेज घेऊन मोठा एच. पण हा एच सगळ्या तक्त्यांना आधीच लावून ठेवू नका. मजकुरात बदल झाला की पानांच्या तळाला अर्धी-अर्धी कोरी जागा सुटायला लागते, आणि मग त्यासाठी वेगळा फोन येतो.